अंड्याच्या जागी काय घालायचे?

पॅनकेकच्या पिठातून अंडे वगळणे सोपे आहे. मुलांच्या ताटातून वगळताना मात्र हिशेब मांडावा लागतो

सुटीच्या दिवशी मुलांना पॅनकेक हवे असते. मोबाइलवर कृती उघडली, की दुसऱ्याच ओळीत लिहिलेले असते, ‘एक अंडे फोडून घ्या.’ अनेक मराठी घरांतला स्वयंपाक तिथेच थबकतो. कुणाच्या घरात आजोबा माळकरी असतात, कुणाचा श्रावण चालू असतो, कुणाकडे सोमवार, गुरुवार किंवा शनिवार पाळला जातो. एखाद्या घरात मुलाला अंड्याची ॲलर्जी असते. कुठे इतकेच असते, की अंडी आणायची राहिलेली असतात.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी जगाला माहीत आहे ते पाणलोटाच्या कामामुळे. या परिसराची दुसरी ओळख वारकरी परंपरेची आहे. संत निळोबारायांचे पिंपळनेर याच तालुक्यात आहे, आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेली माणसे इथे गावोगावी भेटतात. माळ घातलेला माणूस मांस, मासे आणि अंडी वर्ज्य करतो. त्याच्याच घरातली नातवंडे मात्र कधी शाळेत, कधी तालुक्याच्या गावी अंडे खाऊन येतात. अशा घरात ‘अंड्याऐवजी काय’ हा प्रश्न रोजचा असतो. त्याला दोन उत्तरे आहेत. एक तव्यावरचे, दुसरे ताटातले. पहिले विज्ञानाने सोपे करून ठेवले आहे. दुसरे त्याहून महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक वेळा विचारायचे राहून जाते.

अंडे पिठात काय काम करते?

अंड्याला पर्याय शोधण्याआधी ते पिठात कोणकोणती कामे करते, हे समजून घेतले पाहिजे. कवचाविना एक अंडे साधारण ५० ग्रॅमचे असते आणि त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. पांढऱ्या बलकात ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिने. पिवळ्या बलकात निम्मे पाणी, साधारण एक चतुर्थांशाहून अधिक स्निग्ध पदार्थ आणि उरलेली बहुतेक प्रथिने.

पहिले काम बांधणीचे. कच्च्या अंड्यातली प्रथिने धाग्याच्या गुंडीसारखी स्वतःभोवती गुंडाळलेली असतात. उष्णता लागली की ती उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचे जाळे तयार होते. पांढऱ्या बलकातले एक प्रथिन ६० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढेच घट्ट होऊ लागते. त्यातले मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, मात्र ८० अंशांच्या आसपास घट्ट होते. या जाळ्यात पाणी आणि पीठ धरले जाते, म्हणून पॅनकेक उलटताना मोडत नाही.

दुसरे काम हवा धरून ठेवण्याचे. अंडे फेटले की फेस येतो. त्या बुडबुड्यांच्या भिंती प्रथिनांच्या असतात. तव्यावर बुडबुडे फुगतात, भिंती घट्ट होतात आणि पॅनकेक मऊ, फुललेले राहते. तिसरे काम तेल आणि पाणी यांची सोयरीक जुळवण्याचे. पिवळ्या बलकातले लेसिथिन एका टोकाने तेलाला आणि दुसऱ्या टोकाने पाण्याला धरते, त्यामुळे पिठात घातलेले तूप वेगळे तरंगत नाही. चौथे काम ओलाव्याचे आणि पाचवे रंगाचे. अंड्यातली प्रथिने आणि पिठा-दुधातली साखर यांची तापलेल्या तव्यावर रासायनिक क्रिया होते आणि खरपूस तपकिरी रंग येतो.

या पाच कामांपैकी पॅनकेकमध्ये कोणते काम खरोखर अंड्यावर अवलंबून आहे? जाड, मऊ पॅनकेकला फुगवण्याचे बरेचसे काम बेकिंग पावडर करते. मैदा किंवा कणीक असेल तर बांधणीचा मोठा वाटा गव्हातले ग्लुटेन आणि शिजलेले पिष्ट उचलते. म्हणूनच वाटीभर पिठाला एक अंडे असलेल्या कृतीतून ते काढले तरी फारसे बिघडत नाही. ज्या कृतीत तीन-चार अंडी असतात, जिथे पदार्थाचा डोलाराच फेसावर उभा असतो, तिथे मात्र बदली पदार्थ क्वचितच पुरा पडतो. अशी कृती बदलत बसण्यापेक्षा मुळातच बिनअंड्याची कृती निवडलेली बरी.

टोमॅटो ऑम्लेटचा धडा

खरे तर बिनअंड्याचे पॅनकेक ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. देशावरचे धिरडे, कोकणातले घावन आणि आंबोळी हे सगळे तव्यावर पसरायचेच पदार्थ आहेत आणि यांतल्या एकातही अंडे नसते. हॉटेलांच्या पाटीवर अनेक वर्षे दिसणारे ‘टोमॅटो ऑम्लेट’ म्हणजे तर बेसनाचे धिरडेच. नाव ऑम्लेटचे आणि काम बेसनाचे. ही नुसती नावाची गंमत नाही. डाळीच्या पिठातली प्रथिनेही उष्णतेने घट्ट होतात आणि पदार्थ बांधून ठेवतात, हे आपल्या स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून माहीत होते.

या पदार्थांपैकी प्रत्येकाची युक्ती वेगळी आहे. घावनाचे तांदळाचे पीठ ताकासारखे पातळ असते आणि तवा कडकडीत तापलेला. पीठ पडताच पाण्याची वाफ होते, ती पिठातून वाट काढते आणि जाळी पडते. पीठ दाट झाले किंवा तवा निवला, की जाळी पडत नाही. आंबोळीची जाळी आंबवण्यातून येते. भिजवलेल्या डाळ-तांदळात वाढणारे ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू आम्ल तयार करतात आणि कार्बन डायऑक्साइड वायूही सोडतात. तो वायू निसटू नये म्हणून उडदाची डाळ मदतीला येते. उडदातली प्रथिने आणि त्यातला बुळबुळीत चिकट पदार्थ मिळून बुडबुडे धरून ठेवतात. म्हणजे अंड्याच्या फेसाचेच काम इथे उडीद करतो. सोबत मेथीदाणे घातले, की त्यांचा डिंकासारखा चिकटपणा पिठाला आणखी धरून ठेवतो.

एका अंड्याऐवजी

घरगुती पॅनकेकचे साधे प्रमाण असे धरता येईल. एक मोठी वाटी, म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम कणीक किंवा मैदा, साधारण तितकेच दूध, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, एक मोठा चमचा तेल किंवा तूप, चिमूटभर मीठ आणि एक अंडे. या एका अंड्याच्या जागी पुढीलपैकी कोणताही एक पदार्थ चालतो. प्रत्येकाचा गुण आणि खोड मात्र वेगळी.

जवस : चटणीसाठी घरात असतेच. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. जवसाच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी शोषतो आणि मिश्रण पांढऱ्या बलकासारखे ताणले जाऊ लागते. बांधणी उत्तम होते, फुगणे मात्र बेताचेच. जवसातले तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून पूड थोडी-थोडीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

केळे : अर्धे पिकलेले केळे कुस्करून घालावे. ओलावा, गोडवा आणि रंग तिन्ही मिळतात. साखर कमी घालावी लागते. पण पॅनकेक थोडे जड होते आणि केळ्याची चव लपत नाही. आच मंद ठेवावी, नाहीतर केळ्यातल्या साखरेमुळे बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते.

दही आणि सोडा : अर्धी वाटी दही घालून तेवढे दूध कमी करावे आणि खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा घालावा. दह्यातले लॅक्टिक आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पीठ हलके होते. ही क्रिया लगेच सुरू होते, म्हणून सोडा घातल्यावर पीठ ठेवून न देता तवा तापलेला असतानाच तो घालावा. सोडा वाढवला म्हणजे पॅनकेक अधिक फुगते असे नाही. आम्ल संपले, की उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव येते, रंग गडद होतो आणि पिठातल्या ब१ जीवनसत्त्वाचाही नाश होतो. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणखी एक लक्षात ठेवावे. पाव छोटा चमचा सोड्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली प्रौढांची दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे.

बेसन : दोन-तीन मोठे चमचे बेसन तितक्याच पाण्यात कालवून घालावे. बांधणी, रंग आणि प्रथिने तिन्ही बाबतींत अंड्याच्या सर्वांत जवळ जाणारा घरातला पदार्थ हाच. कच्चट वास येऊ नये म्हणून पीठ दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावे आणि पॅनकेक झाकण ठेवून नीट शिजवावे.

हरभऱ्याचे पाणी : काबुली चणे शिजवून उरलेले दाटसर पाणी फेटले, की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो. २०१४ मध्ये जोएल रसेल या फ्रेंच गायकाने हा गुण लोकांसमोर आणला आणि पुढच्याच वर्षी त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळाले. चण्यातून पाण्यात उतरलेली थोडी प्रथिने, पिष्ट आणि फेस आणणारे सॅपोनिन यांची ही करामत. एका अंड्याऐवजी तीन मोठे चमचे पाणी पुरते. मात्र त्यात अंड्याइतकी प्रथिने नसतात. फेस सारखा दिसला म्हणून पोषणही सारखे होत नाही.

गव्हाचे पीठ असेल तर कोणत्याही पर्यायात एक नियम पाळावा. पीठ फार घोटू नये. घोटल्याने ग्लुटेन ताणले जाते आणि पॅनकेक चिवट होते. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. पीठ दहा मिनिटे मुरू दिले, की त्या आपोआप विरतात. फक्त सोडा-दह्याच्या पिठात सोडा शेवटी घालायचा. अंड्याविना रंग फिका येत असेल, तर चमचाभर गूळ घालावा किंवा पाण्याऐवजी दूध वापरावे.

बाजरी-ज्वारीचे पीठ असेल तर

पारनेरच्या बाजूला घरात कायम असते ते बाजरी आणि ज्वारीचे पीठ. या दोन्हींत ग्लुटेन नसते. त्यामुळे अंडे काढले, की बांधून ठेवणारे काहीच उरत नाही आणि धिरडे उलथण्याला लागताच मोडते. त्यावर उपाय भाकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे, तो म्हणजे गरम पाणी. पिठाचा थोडा भाग उकळत्या पाण्यात कालवला, की त्यातले पिष्ट फुगते आणि चिकट होते. साधारण ७० अंशांच्या पुढे ही क्रिया नीट होते. ही उकड उरलेल्या पिठात मिसळली, की बांधणीचा प्रश्न बराचसा सुटतो. जोडीला भिजवून वाटलेली मुगाची डाळ किंवा बेसन घातले, तर धिरडे सरळ उलटते. पीठ सरबरीत असावे, बिडाचा तवा चांगला तापलेला असावा आणि कडा सुटेपर्यंत उलथणे लावू नये.

बाजरीचे पीठ जुने झाले, की कडू लागते. बाजरीत स्निग्धांश जास्त असतो आणि दळल्याबरोबर पिठातले विकर त्याचे विघटन करू लागतात. म्हणून पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. कडवट पॅनकेकचा दोष बऱ्याचदा बदली पदार्थावर येतो. चूक मात्र डब्यातल्या जुन्या पिठाची असते.

ॲलर्जी असेल तर

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या अन्न-ॲलर्जींपैकी अंड्याची ॲलर्जी ही एक. बहुतेक मुलांमध्ये ती वाढत्या वयात कमी होते. पण तोवर ‘थोडेसे चालेल’ हे धोक्याचे असते. अंगावर गांधी, ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, उलट्या, घरघर किंवा श्वास लागणे ही लक्षणे अंडे खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून दोनेक तासांपर्यंत दिसू शकतात. श्वास लागला किंवा मूल मलूल पडले, तर घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

अंड्याची ॲलर्जी असलेली अनेक मुले केकमधले अंडे पचवतात, हे खरे आहे. १८० अंशांच्या भट्टीत अर्धा तास, पिठासोबत भाजल्यावर अंड्यातल्या प्रथिनांचे रूप बदलते. पॅनकेक मात्र तव्यावर दोन-चार मिनिटेच असते. शिवाय ओव्होम्युकॉइड हे प्रथिन उष्णतेला सहज दाद देत नाही. म्हणून ‘केक चालतो, मग पॅनकेकही चालेल’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. ती चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. बाजारातल्या काही ‘एग सब्स्टिट्यूट’ पाकिटांत अंड्याचाच पांढरा भाग असतो. ती कोलेस्टेरॉल टाळणाऱ्यांसाठी असतात, ॲलर्जीच्या रुग्णांसाठी नव्हेत. पाकिटावरचे घटक वाचणे आणि तवा, उलथणे, फेटण्याचे भांडे धुऊन वापरणे गरजेचे आहे. आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टाळण्याची गरज नसते.

ताटातले अंडे

इथवर तव्याचा प्रश्न सुटला. आता ताटाचा. एका अंड्यातून सहा ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने मिळतात आणि ती शरीराला जवळजवळ पूर्णपणे वापरता येतात. त्याशिवाय ब१२, अ आणि ड ही जीवनसत्त्वे आणि सुमारे १५० मिलिग्रॅम कोलीन मिळते. कोलीन मेंदूच्या वाढीसाठी लागते. हे सगळे सत्तर-पंचाहत्तर कॅलरींत मिळते.

आता बदली पदार्थ पाहा. अर्ध्या केळ्यात प्रथिने जेमतेम अर्धा ग्रॅम. चमचाभर जवसात सव्वा ग्रॅमच्या आसपास. अर्ध्या वाटी दह्यात दोन-तीन ग्रॅम. तीन मोठे चमचे, म्हणजे २०-२५ ग्रॅम बेसनात साडेचार ते साडेपाच ग्रॅम. पिठात केळे अंड्याचे काम चोख करते, पण पोटात त्याचे काम करू शकत नाही. केळ्यातून ऊर्जा, पोटॅशियम आणि ब६ मिळते. त्यात ब१२ अजिबात नसते.

हा भेद केवळ घरापुरता नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळी किंवा स्थानिक फळ द्यायचे होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अंड्याच्या पदार्थांसाठी स्वतंत्र सरकारी निधी मिळणार नाही, शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून खर्च उभारावा, असा निर्णय झाला. आदिवासी भागांतल्या अमृत आहार योजनेतही बालकांसाठी ‘अंडी किंवा केळी’ हीच जोडी आहे. तिकडे तमिळनाडूने १९८९ मध्ये पंधरवड्याला एक अंडे देण्यापासून सुरुवात केली आणि आज तिथे शाळेच्या दररोजच्या जेवणात अंडे असते.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) कळते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा १९९३ पासून पाठपुरावा केला. त्यात ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली. शाकाहारी किंवा क्वचितच सामिष खाणाऱ्या आपल्या समाजात ही कमतरता घरोघर असू शकते.

मग रोज एक अंडे दिले, की सगळे सुटते का? विज्ञानाचे उत्तर इथे सावध आहे. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ बाळांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात खुजेपणाचे प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. असाच प्रयोग मलावीत ६६० बाळांवर झाला. २०१९ च्या त्या निष्कर्षांत उंचीवर एकूण असा परिणाम दिसला नाही. तिथल्या बाळांच्या आहारात मासळी आधीपासूनच होती. म्हणजे अंडे जादू करत नाही. ज्या ताटात चांगली प्रथिने आणि ब१२ सारखी जीवनसत्त्वे कमी असतात, तिथे अंड्याचा उपयोग जास्त. ज्या ताटात ती दुसऱ्या वाटेने येतात, तिथे अंड्यावाचून अडत नाही.

हिशेब कसा जुळवायचा?

यातच न खाणाऱ्यांसाठी वाट आहे. पिठातल्या अंड्याची पाच कामे वेगळी केली आणि प्रत्येकाला वेगळा पदार्थ नेमला, तसेच ताटाचे करायचे. प्रथिनांसाठी डाळ, ब१२ साठी दूध-दही, स्निग्धांशासाठी जवस, शेंगदाणे किंवा तीळ. एकच पदार्थ सगळी कामे करील, अशी अपेक्षा धरली की गणित चुकते.

पारनेर तालुक्याच्या शिवारात बाजरी आणि मूग दोन्ही पिकतात आणि ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही चांगली आहे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, ती धान्यातून मिळतात. भाकरीबरोबर आमटी किंवा बाजरी-मुगाचे धिरडे यांत हा तोल आपोआप साधतो. २५ ग्रॅम मुगात, म्हणजे साधारण मूठभर मुगात, सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. आकडा अंड्याइतकाच, पण डाळीतली प्रथिने थोडी कमी पचतात. म्हणून मूठ जरा मोठी भरावी. भिजवून मोड आणले, तर पचन सुधारते.

ब१२ मात्र डाळ-धान्यात नसते. त्यासाठी दूध, दही किंवा ताक हवे. कपभर दुधातून एका अंड्याइतके किंवा थोडे अधिक ब१२ मिळते. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर ओढ्या-नाल्यांवर बंधारे झाले, पाणी मुरले, चारा वाढला आणि दुधाचा धंदा उभा राहिला. अवर्षणाच्या गावात पाण्याने हा बदल घडवला. पण पोषणाच्या हिशेबात एक प्रश्न प्रत्येक दूध उत्पादक घराने स्वतःला विचारावा. डेअरीला जाणाऱ्या दुधातून घरातल्या मुलांसाठी किती मागे राहते? अंडे न खाणाऱ्या घरात मुलाच्या वाट्याला रोज कप-दीड कप दूध किंवा दही येत नसेल, तर केवळ शाकाहारी म्हणून ताट पूर्ण होत नाही. जे दूधही घेत नाहीत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब१२ ची गोळी घेणे आवश्यक आहे.

लोहाचे गणित वेगळे. अंडे काही लोहाचा फार मोठा स्रोत नाही. त्या बाबतीत बाजरी त्याच्यापुढे आहे. लोहाचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले ‘धनशक्ती’ हे बाजरीचे वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात आले. मात्र धान्यातले लोह शरीरात पुरते शोषले जात नाही, कारण त्यातले फायटेट ते अडवून धरतात. पीठ आंबवले, डाळीला मोड आणले किंवा धिरड्यावर लिंबू पिळले, तर शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी होते. त्यामुळे सकाळी धिरड्यासोबत मुलांना चहा देण्याची सवय मोडलेली बरी.

एक नमुना देता येईल. दोन वाट्या बाजरीचे पीठ, एक वाटी रात्री भिजवून वाटलेली मुगाची डाळ, अर्धी वाटी दही, दोन चमचे जवसाची पूड, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ. बाजरीच्या पिठातला मूठभर भाग उकळत्या पाण्यात कालवून मग सगळे एकत्र करावे आणि तासभर ठेवावे. सोडा लागत नाही. लहान मुलांना गोड हवे असेल, तर मिरचीऐवजी गूळ आणि केळे घालावे. त्याला पॅनकेक म्हणावे की धिरडे, ते मुलांवर सोपवावे. सोबत वाटीभर दही ठेवले, की अंड्याच्या जागी काय, या प्रश्नाचे ताटातले उत्तर पूर्ण होते.

अंडे खावे की खाऊ नये, हे ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचे, आवडीचे आणि प्रकृतीचे प्रश्न आहेत. जे मूल खाते, त्याच्यासाठी नीट शिजवलेले अंडे हे स्वस्त आणि उत्तम अन्न आहे. इतरांच्या पथ्यामुळे त्याला ते नाकारण्याचे कारण नाही. जे मूल खात नाही, त्याला त्याऐवजी तितकेच मोलाचे काही मिळाले पाहिजे. घर असो वा शाळा, अंड्याच्या जागी केळे ठेवून नुसती रिकामी जागा भरते. मूग, दूध आणि बाजरी एकत्र ठेवली, तर मुलाचे पोषण होते.